सात पाकिटं आणि जावक वही

आमच्या खात्याच्या दारावरची पाटी माझ्या नोकरीत चार वेळा बदलली. मी लागलो तेव्हा तिच्यावर 'ई.डी.पी.' असं लिहिलेलं होतं. त्याचा पूर्ण अर्थ सांगता येणारी माणसं कंपनीत तीन होती आणि त्यांतली दोन आमच्या खात्यातली नव्हती. मग 'सिस्टिम्स' आलं, मग 'आयटी', आणि शेवटी, धाकटे साहेब परदेशात एक परिषद ऐकून आल्यावर, 'डिजिटल'. पहिल्या तीन पाट्या एकाच पेंटरनं रंगवल्या. चौथी ॲक्रिलिकची होती, त्यामुळे तो आला नाही. आतली टेबलं, आतली माणसं आणि कोपऱ्यातला गळका एसी चारही पाट्यांखाली तेच राहिले.

या चौथ्या पाटीखाली एका बाईंना मुख्य कचेरीतून काढायचं ठरलं होतं. त्याची ही आठवण आहे. तिच्यात माझी बाजू फारशी चांगली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कंपनी पंप बनवायची. शेतीचे, कारखान्यांचे, सोसायट्यांच्या टाक्यांचे. मुख्य कचेरी स्वारगेटजवळ आणि कारखाना कात्रजच्या बोगद्यापलीकडे. लायसन्सचा काळ होता तोवर आमचे पंप आपोआप खपत, कारण दुसरे मिळत नसत. मग बाजार उघडला, बाहेरचे पंप आले, आणि थोरल्या साहेबांनी घाबरून एक मोठा संगणक घेतला. त्याचा पंपांशी संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. संगणकाच्या खोलीत चपला काढून जावं लागे. देवळाशी आमचं साम्य तेवढ्यावर संपत नव्हतं. आमच्याकडेही उत्तर मिळायला वेळ लागे आणि मिळालेलं उत्तर निमूटपणे घ्यावं लागे.

बाई त्या वेळी टेलिफोनच्या बोर्डावर होत्या. पुढे आपोआप जोडणी करणारं यंत्र आलं, बोर्ड भंगारात गेला आणि बाईंना आमच्याकडे पाठवलं. कारण इतकंच की तक्रारीचे फोन आमच्याकडे यायचे आणि आमच्यातल्या कुणालाच फोन उचलायला आवडत नसे. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं त्या आमच्या दाराजवळच्या टेबलाशी बसत. सगळी कचेरी त्यांना 'एक्स्चेंजच्या बाई' म्हणे. एक्स्चेंज गेलं तरी नाव गेलं नाही.

फोन आला की बाई तीन प्रश्न विचारत. दिवा लागलाय का? काल चालत होतं का? तुमच्या आधी त्या खुर्चीवर कोण बसलं होतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक नीट देत. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प होत, आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटत. माझ्या खात्यात अभियांत्रिकीच्या पदव्या घेतलेली सहा माणसं होती. तिसरा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही सुचला नव्हता.

बाईंची दुसरी सवय जावक वहीची. आमच्या खात्यातून जे काही बाहेर जाई, मग ते पत्र असो, दुरुस्त केलेला कीबोर्ड असो की एखादी सीडी, त्याची एक ओळ त्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत आणि घेणाऱ्याची सही घेत. त्यांच्या वस्तीत एक बुद्धविहार होता, त्याच्या वाचनालयाचं काम त्या रविवारी बघत. पुस्तक गेलं की सही, आलं की सही. सोमवार ते शनिवार त्यांनी आम्हालाही तोच नियम लावला होता. जुन्या कचेऱ्यांतल्या माणसांना जावक वहीचं एक वळण असतं. वही समोर आली की हात आपोआप पेनाकडे जातो. कुणी वाचत नाही. वाचणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं, आणि शिवाय वेळ लागतो. आमच्याकडे साहेबलोक फोनवर बोलता बोलता सही करत आणि वही न बघता परत ढकलत.

धाकट्या साहेबांनी कारभार हातात घेतल्यावर सल्लागार आले. आधी तिघे आले, मग दोघे अधिक महत्त्वाच्या कंपनीकडे गेले आणि एक उरला. पस्तिशीचा, नागपूरचा, अतिशय सभ्य माणूस. चहा दिला तर आभार मानायचा, आणि तो पितही असे. कंपनीचं 'ऑपरेटिंग मॉडेल' सुधारणं हे त्याचं काम होतं. उत्पादनप्रमुखांनी मला हळूच विचारलं की हे म्हणजे नेमकं काय. मी सांगितलं, आयटीचं काम कुणी करायचं, कुणी कुणाला विचारायचं आणि चुकलं तर कुणाला धरायचं, याचा नकाशा.

"मग त्याला बाहेरचा माणूस कशाला लागतो?" ते म्हणाले. "कोण कुणाला विचारतं हे आपल्याला माहीत नाही का?"

"आहे की," मी म्हटलं. "म्हणूनच बाहेरचा लागतो."

सल्लागाराचं सगळं चूक होतं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे खरंच गोंधळ होता. नवीन माणूस रुजू झाला की त्याला मशीन मिळायला कधी दोन दिवस लागत, कधी दोन महिने. ते त्याचा साहेब कुणाबरोबर जेवतो यावर अवलंबून असे. विक्री विभागानं आम्हाला न विचारता एक सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि खरेदी विभागानं त्याच कामाचं दुसरं. हे सगळं त्यानं पहिल्या महिन्यात शोधून काढलं. आम्हाला ते वीस वर्षं माहीत होतं, पण शोधून काढलेलं नव्हतं.

मग त्यानं एक मोठा तक्ता केला. डावीकडे कामं, वर माणसं, आणि प्रत्येक चौकोनात एक अक्षर: हा करणारा, हा जबाबदार, याला विचारायचं, याला नुसतं कळवायचं. तो भरायचं काम माझ्याकडे आलं. मी सहा विभागप्रमुखांकडे वही-पेन घेऊन गेलो. तुमच्या विभागातल्या मागण्यांना मंजुरी कोण देणार, असं विचारलं. सहाही जणांनी 'मी' असं सांगितलं, आणि त्यातल्या चौघांनी विचारलं जाण्याबद्दल नाराजी दाखवली. सातवा मी स्वतः, आयटीचा प्रमुख. माझ्या चौकोनात मी माझं अक्षर ठळक केलं. बाईंचा रकाना कुठे करायचा हा प्रश्न मला पडला होता. सल्लागारानं विचारलं, त्या कोणत्या कामाला जबाबदार आहेत? मी म्हटलं, तशा कोणत्याच नाहीत, पण सगळ्यात असतात. त्यानं नम्रपणे मान हलवली. तक्त्यात त्याला अक्षर नव्हतं.

नव्या पद्धतीचं उद्घाटन झालं. सर्व्हरला हार घातला. नारळ शेजारच्या जिन्यात फोडला, कारण यंत्रांजवळ पाणी नको असं मीच लेखी कळवलं होतं. यापुढे कुठलीही मागणी, म्हणजे लॅपटॉप असो की साधा माऊस, संगणकावरच नोंदवायची. तिला चार मंजुऱ्या: आपला विभागप्रमुख, हिशेब, खरेदी आणि आयटी. प्रत्येकानं आपल्या नावानं आत जाऊन बटण दाबायचं. धाकटे साहेब भाषणात म्हणाले की आजपासून या कंपनीत कागद हलणार नाही. ते भाषण छापून सगळ्यांना वाटण्यात आलं.

पहिले तीन आठवडे खरोखरच काही हललं नाही. विभागप्रमुखांना सही करायची सवय होती. बटण दाबणं हे त्यांच्या मते टायपिस्टचं काम होतं. मागण्या साठत गेल्या. मग चौथ्या आठवड्यापासून सगळं एकदम सुरळीत झालं. सकाळी टाकलेली मागणी दुपारी मंजूर. सल्लागारानं पडद्यावर अडून राहिलेल्या मागण्यांची रेघ दाखवली, ती डावीकडे डोंगरासारखी चढली होती आणि उजवीकडे सपाट झाली होती. ही संस्कृती बदलल्याची खूण आहे, असं तो म्हणाला. सहाही विभागप्रमुखांनी नम्रतेनं खाली पाहिलं. मीही पाहिलं.

त्या रेघेमागच्या नोंदींत एक गोष्ट होती ती मला तेव्हाच दिसायला हवी होती. सगळ्या मंजुऱ्या रोज दुपारी अडीच ते तीनच्या दरम्यान पडत. एकामागून एक, दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं, सगळ्या विभागांच्या. गुणवत्ताप्रमुख आठवडाभर हिमालयात ट्रेकला गेले होते तेव्हाही त्यांची मंजुरी अडीच वाजताच पडत होती. मी मनाशी म्हटलं, आता डोंगरातही नेटवर्क चांगलं असतं. माणसाला जे बघायचं नसतं त्याचं कारण त्याच्याकडे तयार असतं.

सात-आठ महिन्यांनी मॉडेलचा दुसरा टप्पा आला. तक्रारी ऐकायचं काम बाहेरच्या एका कंपनीला द्यायचं ठरलं. त्यांची माणसं हिंजवडीत कुठेतरी बसून फोन घेणार होती. ज्या अर्थी मंजुऱ्या सुरळीत होत्या आणि फोन बाहेर जात होते, त्या अर्थी बाईंना मुख्य कचेरीत काही काम उरत नव्हतं. तक्ताही तेच सांगत होता. त्यांची बदली कारखान्याच्या गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पास लिहायला झाली.

निवृत्तीला त्यांची पावणेदोन वर्षं राहिली होती. घर पर्वतीच्या पायथ्याशी, कचेरीपासून चालत वीस मिनिटं. नवरा ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेला, काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ गेलेली. बाई रोज एक वाजता घरी जात, त्यांना वाढत, डोळ्यांत औषधाचे थेंब घालत आणि दोनला परत टेबलाशी येत. वीस वर्षांत त्या दोनला परत आल्या नाहीत असं मी पाहिलं नाही. कारखान्याची बस स्वारगेटहून सकाळी सव्वासातला सुटे आणि संध्याकाळी साडेसहाला परत येई. म्हणजे बदली घेतली तर दुपारचं घर सुटणार होतं, आणि घर सोडायचं नसेल तर नोकरी सोडायला लागणार होती.

बदलीचं पत्र मीच त्यांना दिलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. मग विचारलं, "एक तारखेपासून का?"

"हो. मी बोललो होतो मीटिंगमध्ये."

"काय बोललात?"

मी मीटिंगमध्ये म्हटलं होतं की बाई खूप जुन्या आहेत. मनुष्यबळप्रमुखांनी ते बदलीच्या बाजूचं कारण म्हणून लिहून घेतलं होतं. हे मी बाईंना सांगितलं नाही. म्हटलं, धाकटे साहेब ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

"असू दे," बाई म्हणाल्या. "यांना एकच्या थेंबांची वेळ पाळावी लागते, तेवढंच. बाकी गेटवर काय, पंख्याखाली बसायचं."

मी वारज्याला घरी जाताना सिंहगड रस्त्याच्या सिग्नलला ते वाक्य आठवत उभा राहिलो, मागच्या रिक्षावाल्यानं मला हिरवा दिवा दाखवेपर्यंत. त्यापुढे मी काही केलं असं नाही.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला बाई जावक वही घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या. वहीवर एक खाकी पाकीट होतं, तोंड डिंकानं बंद केलेलं, वर माझं नाव. मी फोनवर होतो. पाकीट घेतलं, वहीत सही केली, वही परत ढकलली. मग फोन ठेवला आणि कोण जाणे का, बहुधा त्यांचा शेवटचा दिवस होता म्हणून, म्हटलं, "काय आहे हो यात?"

"तुमचंच आहे. परत करतेय."

मी वही पुन्हा ओढून घेतली. बाईंचं अक्षर गोल आणि सुटं होतं. ओळ अशी होती: 'मंजुरीच्या संगणक प्रणालीचा आपला पासवर्ड, जो कामाच्या सोयीसाठी आपण माझ्याकडे दिला होता, तो आज बंद पाकिटातून परत मिळाला.' पुढे माझी सही. त्याच्यावर तीच ओळ सहा वेळा आणि पुढे सहा विभागप्रमुखांच्या सह्या. उत्पादनप्रमुखांची शेपटीवाली, विक्रीप्रमुखांची दोन ठिपक्यांची, मनुष्यबळप्रमुखांची तारखेसकट. सगळ्या त्याच दुपारच्या.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी चार दिवस रजेवर गेलो होतो, तेव्हा बाईंना म्हटलं होतं की आलेल्या मागण्या तेवढ्या बघा. त्यांनी बघितल्या. मी परत आलो आणि पासवर्ड परत घ्यायचं विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नाही, बरं चाललंय असं वाटलं. पद्धत दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावते. तोही त्याच बदलत असणार. म्हणजे गेले सहा महिने मला माझ्याच नावानं आत जाता आलं नसतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ज्या चौकोनात मी स्वतःचं अक्षर ठळक केलं होतं, तिथे बाई बसल्या होत्या. बाकीच्या सहा चौकोनांतही त्याच.

"सगळ्यांचे तुमच्याकडे होते?" मी विचारलं.

"एकेक करून आले. आधी खरेदीवाले म्हणाले, बाई, तेवढं दाबून टाकत जा. मग हिशेबवाल्यांनी ऐकलं. मग कुणाला मागे राहायचं नव्हतं. दोनला जेवण उरकून आले की फोन कमी असतात, तेव्हा बसायची मी."

"आणि चुकीचं काही मंजूर झालं असतं तर?"

"मागणी टाकणाऱ्याला फोन करून विचारायची मी. जुना आहे तो खरंच बंद पडलाय का, तुमच्या आधी तो कोण वापरत होतं? निम्मे जण मागणी मागे घ्यायचे." त्यांनी वही मिटली. "न विचारता एकही दाबलेलं नाही. यादी आहे माझ्याकडे."

मला आता खरी काळजी वाटायला लागली, आणि सवयीप्रमाणे ती आधी स्वतःची होती. "ही वही तुम्ही कुणाला दाखवणार आहात का?"

"दाखवायची कशाला? जावक वही आहे, जागेवर राहील. बदली माझी झाली, वहीची नाही."

हे त्यांनी ठरवून केलं होतं का, मला आजही सांगता येणार नाही. मी पुढे एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की वाचनालय दुसऱ्याकडे देताना सगळी पुस्तकं जागेवर आहेत हे लिहून घ्यावं लागतं, नाहीतर हरवलेल्याचा आळ जुन्या माणसावर येतो. उत्तर पुरेसं होतं. मी पुढे विचारलं नाही.

सोमवारी बाई सव्वासातच्या बसनं गेल्या. दुपारी अडीच वाजता काहीही घडलं नाही. मंगळवारीही घडलं नाही. विक्रीप्रमुखांनी पाकीट न उघडता टेबलाच्या खणात टाकलं होतं आणि खणाची किल्ली घरी. उत्पादनप्रमुखांनी उघडलं. बाईंनी पासवर्डसाठी भाज्यांची नावं आणि पुढे आकडे असा साधा हिशेब ठेवला होता. उत्पादनप्रमुखांच्या वाट्याला भोपळा आला होता. तो त्यांनी तीन वेळा चुकीचा टाइप केला आणि त्यांचं खातं बंद पडलं. माझ्या पाकिटात शेपू होता. मला शेपू आवडत नाही हे बाईंना माहीत होतं.

खातं बंद पडलेल्यांनी हिंजवडीला फोन लावला. तिथल्या माणसानं अतिशय गोड आवाजात सांगितलं की पासवर्ड पुन्हा चालू करायला मागणी नोंदवा, आणि तिला तुमच्या विभागप्रमुखांची मंजुरी घ्या. उत्पादनप्रमुख म्हणाले की विभागप्रमुख मीच आहे. तो म्हणाला, मग तर सोपंच आहे सर, आत जाऊन मंजूर करा. हा नियम कुणी केला, असं उत्पादनप्रमुखांनी मला येऊन विचारलं. नियमाच्या खाली माझी सही होती. ती मात्र मी वाचून केली होती.

आठवड्याच्या शेवटी नव्यानं रुजू झालेले नऊ जण बैठकीच्या खोलीत मशीनशिवाय बसले होते आणि कंपनीचं माहितीपत्रक पुन्हा पुन्हा वाचत होते. कारखान्यात लेबलं छापणारा प्रिंटर बंद होता. पण गोष्ट वर पोचली ती धाकट्या साहेबांच्या नव्या पडद्यामुळे. पुढच्या बुधवारी परदेशी पाहुण्यांना आमचा डिजिटल प्रवास दाखवायचा होता, आणि ज्या पडद्यावर दाखवायचा त्याची मागणी खरेदीप्रमुखांच्या मंजुरीवाचून अडली होती. खरेदीप्रमुख म्हणत होते की प्रणाली बिघडली आहे.

मी जावक वही काखेत घेतली आणि धाकट्या साहेबांच्या खोलीत गेलो. हे धाडस नव्हतं. प्रणाली बिघडली असं ठरलं असतं तर ती माझी होती, म्हणून गेलो. पण जाताना ठरवलं की निदान या वेळी बाई खूप जुन्या आहेत असं म्हणायचं नाही.

तिथे मनुष्यबळप्रमुख आणि सल्लागार आधीच बसले होते. मी वही उघडून टेबलावर ठेवली. धाकट्या साहेबांनी पहिली ओळ वाचली, मग बोट खाली नेत सातही सह्या पाहिल्या.

"शेवटची सही तुमची आहे," ते म्हणाले.

"हो."

"आणि हे इतके महिने चाललं होतं."

"ज्या दिवसापासून रेघ सपाट झाली त्या दिवसापासून."

सल्लागारानं पडद्याच्या दिशेनं पाहिलं. पडदा अजून यायचा होता, म्हणून त्यानं भिंतीकडे पाहिलं.

मनुष्यबळप्रमुख सर्वांत आधी सावरले. दुसऱ्यांचे पासवर्ड वापरणं हा गंभीर गैरप्रकार आहे आणि त्या बाईंवर कारवाई व्हायला हवी, असं ते म्हणाले. हेच होणार हे मला ठाऊक होतं, आणि त्यासाठी मी नियमावली सोबत नेली होती. पासवर्डची नियमावली मी लिहिली होती. तीत 'पासवर्ड दुसऱ्याला देणाऱ्यावर कारवाई होईल' असं स्पष्ट होतं. घेणाऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण दुसऱ्याचं काम कुणी आपण होऊन अंगावर घेईल हे लिहिताना माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी ते कलम मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं, कारवाई करायची तर सात जणांवर करावी लागेल. बाईंनी पासवर्ड कुणाला दिलेला नाही, ज्याचा त्याला परत केलेला आहे आणि आपण सगळ्यांनी तशी पोच दिलेली आहे. मनुष्यबळप्रमुखांनी वहीतली स्वतःची सही पाहिली. तारीखही होती.

मग धाकट्या साहेबांनी सल्लागाराला विचारलं, "त्या बाई तुमच्या तक्त्यात कुठे आहेत?"

"कुठेच नाहीत, सर."

"आणि काम कोण करत होतं?"

सल्लागार खरोखर सभ्य माणूस होता. तो म्हणाला, "त्याच. माझा तक्ता चुकला." पंचवीस वर्षांच्या नोकरीत एवढं सरळ वाक्य मी त्या खोलीत दुसऱ्यांदा ऐकलं नाही. माझ्या तोंडून तर नाहीच. मी म्हटलं की तक्ता यांनी आखला, पण भरला मी. तेवढं म्हणायला मला बाईंच्या बदलीनंतरचे दहा दिवस लागले होते.

त्यानंतर जे झालं त्याला मी सुधारणा म्हणायला तयार आहे. चारच्या जागी एकच मंजुरी ठेवली. माऊस, कीबोर्ड असल्या किरकोळ वस्तूंना तीही नाही. मोठ्या मागण्या विभागप्रमुखांकडेच राहिल्या, पण महिन्यातून एकदा सगळ्यांनी समोर बसून निकालात काढायच्या. बाकी सगळ्या मागण्या मुख्य कचेरीतला एक माणूस स्वतःच्या नावानं बघेल, विचारेल, मंजूर करेल किंवा परत पाठवेल. तीन प्रश्न फॉर्मवर छापले. तिसऱ्या प्रश्नाला सल्लागारानं आपल्या अहवालात एक लांबलचक नाव दिलं आणि तो पुढच्या कंपनीत तसाच वापरला, असं नंतर कानावर आलं.

बाई कारखान्याच्या गेटवर सगळे मिळून अकरा दिवस बसल्या. बाराव्या दिवशी दहाला त्या दाराजवळच्या टेबलाशी आल्या तेव्हा मी नवा तक्ता छापून तयार ठेवला होता. मध्यभागी, सात प्रमुखांच्या चौकोनांच्या खाली, एक चौकोन त्यांच्या पदाचा होता. पद मोठं होतं, चौकोन लहान होता, त्यामुळे अक्षरं बारीक झाली होती. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला.

"यात खुर्ची येते का?" त्यांनी विचारलं. त्यांची जुनी खुर्ची मधल्या अकरा दिवसांत विक्री विभागानं नेली होती.

"मागणी टाकावी लागेल," मी म्हटलं.

"टाकते. मंजूर कोण करणार?"

"तुम्हीच."

"मग आधी विचारायला हवं, पहिली कुठे गेली." त्यांनी फोन उचलला, विक्री विभागाचा नंबर लावला आणि विचारलं की त्या खुर्चीवर सध्या कोण बसलंय. खुर्ची पाच मिनिटांत आली.

घरच्यांचं कसं काय होतं या दिवसांत, असं मी विचारलं. शेजारची पोर थेंब घालून जायची, पण वेळ इकडेतिकडे व्हायची, असं त्या म्हणाल्या. आता एकला जाईन. तेवढं बोलून त्यांनी खणातून लाल वही काढली, एक ओळ लिहिली आणि माझ्यापुढे सरकवली.

मी पेन काढलं आणि थांबलो. ओळीत लिहिलं होतं की सुधारित तक्त्याची एक प्रत आयटीप्रमुखांना दिली. मी म्हटलं की प्रत मीच तुम्हाला दिलीय. बाईंनी वही परत घेतली, ओळ खोडली, बरोबर करून लिहिली, आणि या वेळी सही त्यांनी स्वतःच केली.

"वाचलंत म्हणजे," त्या म्हणाल्या.